कांचन की देवकांचन? रोप घेण्याआधी झाड ओळखायचं कसं

आईला तिच्या खिडकीसमोर कांचन हवा होता. वाईच्या जुन्या घराच्या परसात एक होता. शिमग्याच्या सुमारास त्याच्यावर औषधालाही पान उरायचं नाही आणि झाड मात्र फुलांनी भरून जायचं. तसाच हवा, एवढंच तिचं म्हणणं. मी नर्सरीत गेले, ‘कांचन’ अशी पाटी लावलेलं हातभर उंचीचं रोप आणलं आणि सोसायटीच्या आवारात लावलं. तीन शिमगे गेले, फूल नाही. चौथ्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात, हिरव्यागार पानांमध्ये, लांबुडक्या पाकळ्यांची गुलाबी-जांभळी फुलं आली. आई खिडकीत उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “सुंदर आहे गं, पण हा आपला कांचन नव्हे.”

तो देवकांचन होता. दोन्ही झाडं एकाच घराण्यातली, दोघांची पानं आपट्यासारखी दुभंगलेली, आणि रोप लहान असताना भल्याभल्यांना फरक कळत नाही. त्यानंतरची दोन वर्षं मी रस्त्यावरचा, बागेतला, टेकडीच्या पायथ्याचा दिसेल तो कांचन थांबून पाहिला. तुमची चार वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून ते सगळं इथे क्रमानं लिहिते आहे.

सोबत काय हवं

- साधं भिंग. शाळकरी मुलांचं असतं तेही चालेल.
- सहा इंची फूटपट्टी.
- पांढरा रुमाल किंवा कोरा कागद, फूल उकलून ठेवायला.
- वही आणि पेन्सिल. पेन पावसात फिसकटतं.
- मोबाइलचा कॅमेरा.
- झाड सोसायटीच्या जागेत लावणार असाल तर समितीला लिहिलेलं पत्र, आणि जमिनीखालून पाण्याची व ड्रेनेजची लाइन कुठून जाते त्याचा नकाशा.

१. पाटीवरच्या नावावर विसंबू नका

सगळा घोळ इथूनच सुरू होतो. वसंतात फुलणाऱ्या झाडाचं शास्त्रीय नाव बाउहिनिया व्हेरिगाटा आणि दसरा-दिवाळीला फुलणाऱ्याचं बाउहिनिया पर्प्युरिया. मराठीत पहिल्याला कांचन म्हणतात, दुसऱ्याला देवकांचन. पण ‘रक्तकांचन’ हे नाव दोघांनाही लावलेलं तुम्हाला सापडेल. एका गावात एकाला, दुसऱ्या गावात दुसऱ्याला, आणि पुस्तकांतही तसंच. त्यामुळे ‘मला रक्तकांचन द्या’ असं म्हणणं म्हणजे चिठ्ठी टाकणं. नर्सरीवाल्याचाही त्यात फारसा दोष नसतो, कारण त्याच्याकडे रोप आलेलं असतं तेच मुळी या नावानं.

संस्कृतातही दोन नावं आहेत, कांचनार आणि कोविदार. साधारणपणे कांचनार म्हणजे आपला वसंतातला कांचन आणि कोविदार म्हणजे देवकांचन असं मानतात, पण जुन्या ग्रंथांमध्येही ही नावं एकमेकांच्या जागी येतात. रामाला भेटायला चित्रकूटाकडे निघालेल्या भरताच्या सैन्याच्या ध्वजावर कोविदार होता, हे वाल्मीकींच्या अयोध्याकांडात आहे. लक्ष्मणानं झाडावर चढून तो ध्वज लांबूनच ओळखला. मला ही गोष्ट फार आवडते.

शास्त्रीय नावातही हल्ली एक बदल दिसेल. काही वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांना ‘फनेरा’ या प्रजातीत घालतात. फनेरा व्हेरिगाटा आणि बाउहिनिया व्हेरिगाटा हे एकच झाड, त्यानं गोंधळू नका. बाउहिनिया हे नाव मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. योहान आणि गास्पार बाउहिन या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून ते दिलं गेलं. एका देठावर जोडलेल्या पानाच्या दोन पाळ्या म्हणजे ते दोन भाऊ.

या लेखात यापुढे कांचन म्हणजे व्हेरिगाटा आणि देवकांचन म्हणजे पर्प्युरिया, एवढंच धरून चाला.

२. आधी महिना बघा

झाडाजवळ जाण्याआधी कॅलेंडर बघा. निम्मं काम तिथेच होतं.

कांचन फुलतो माघ ते चैत्र, म्हणजे फेब्रुवारी-मार्च आणि कधी एप्रिलपर्यंत. त्या वेळी पानं बहुतेक गळालेली असतात. निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी, जांभळट किंवा पांढरी फुलं. देवकांचन फुलतो सप्टेंबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत, अंगावर पूर्ण पानं असताना.

खरी मौज फाल्गुनात. त्या महिन्यात दोन्ही झाडं शेजारी शेजारी असतील तर एक फुललेलं असतं आणि दुसऱ्यावर वाळक्या तपकिरी शेंगा लोंबत असतात. फाल्गुनात फूल नाही पण शेंगा भरपूर, असं झाड दिसलं तर तो देवकांचन असण्याची दाट शक्यता.

इथे एक खाच आहे. ज्या झाडाला हिवाळाभर नळाचं पाणी मिळतं, किंवा जे कोकणपट्टीच्या दमट हवेत वाढतं, ते कांचन असूनही सगळी पानं टाकत नाही. त्यामुळे ‘पानं आहेत म्हणजे देवकांचन’ असा उलटा हिशोब करू नका. पानांची साक्ष दुय्यम, महिन्याची साक्ष मुख्य.

३. पुंकेसर मोजा

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. रंग सोडून द्या. दोघांचेही रंग फिके-गडद होत राहतात आणि फोटोत तर काहीच्या काही दिसतात. पांढरा कांचन हाही कांचनाचाच एक प्रकार आहे. पुंकेसरांची संख्या मात्र सहसा दगा देत नाही.

कांचनाला पाच मोठे पुंकेसर. देवकांचनाला तीन.

हे कसं मोजायचं ते सावकाश सांगते, कारण पहिल्यांदा मोजताना माझं चारदा चुकलं होतं.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास झाडावरचं ताजं फूल घ्या. खाली पडलेलं नको, त्याचे परागकोश बऱ्याचदा गळलेले असतात. फूल रुमालावर ठेवा आणि पाकळ्या एकेक करून अलगद ओढून बाजूला काढा. पाच पाकळ्या निघतील. मध्ये उरेल तो वर वळलेल्या दोऱ्यांचा जुडगा. आता भिंग लावा. ज्या दोऱ्याच्या टोकाला तांदळाच्या कणीसारखा, आडवा झुलणारा परागकोश आहे, तोच पुंकेसर धरायचा. बोट लावलं तर परागाची पूड बोटाला लागते.

यात दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे मधोमध असलेली हिरवट, कमानीसारखी वळलेली दांडी. ती बीजांडकोशाची, तिचीच पुढे शेंग होते. ती मोजायची नाही. तिच्या टोकाला पराग नसतो, चिकट ठिपका असतो. दुसरी फसगत देवकांचनात जास्त होते. तीन धडधाकट पुंकेसरांच्या बुडाशी बारीक, आखूड, टोकाला काहीच नसलेले धागे असतात. ते वांझ पुंकेसर. घाईत तेही मोजले गेले की आकडा पाच-सहावर जातो आणि देवकांचनाचा कांचन होऊन बसतो.

एका फुलावर थांबू नका. देवकांचनात मधूनच एखाद्या फुलाला चार पुंकेसर निघतात, कांचनातही क्वचित सहावा दिसतो. वेगवेगळ्या फांद्यांवरची पाच फुलं बघा आणि आकडे वहीत लिहा. माझ्या पहिल्या देवकांचनाचे आकडे अजून वहीत आहेत: ३, ३, ३, ४, ३. आईला ते पान दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “मग वाईच्या झाडाला पाच असणार.” पुढच्या मार्चमध्ये आम्ही दोघी मुद्दाम वाईला गेलो. घर आता दुसऱ्यांचं आहे, पण झाड होतं. पाचच निघाले.

पाकळ्या काढल्याच आहात तर त्याही बघून घ्या. कांचनाची पाकळी रुंद, बुडाशी निमुळती, आणि फुलात एकीवर एक थोडी चढलेली असते, त्यामुळे फूल भरगच्च दिसतं. एका पाकळीवर गडद रेघांची नक्षी असते. देवकांचनाची पाकळी अरुंद आणि लांब. दोन पाकळ्यांमधून पलीकडचं आभाळ दिसतं. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की रिक्षातून जातानाही झाड ओळखता येतं.

४. कळी बोटांत फिरवा

हे मला एका बागेतल्या माळीकाकांनी शिकवलं. मी भिंग घेऊन फुलाशी झटत होते. ते जवळ येऊन म्हणाले, “ताई, फूल कशाला तोडता? कळी फिरवून बघा की.” मोठी, उमलायला आलेली कळी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच फिरवायची. देवकांचनाच्या कळीवर उभ्या कडा बोटाला लागतात. कांचनाची कळी त्या मानानं गुळगुळीत असते.

फूल उमलल्यावर त्याच हिरव्या आवरणाकडे, म्हणजे निदलपुंजाकडे, फुलाच्या मागच्या बाजूनं बघा. कांचनात ते एकाच बाजूनं चिरतं आणि होडीसारखं एका अंगाला राहतं. देवकांचनात त्याचे दोन भाग होतात आणि दोन्ही मागे वळतात. एकाच्या टोकाला दोन बारीक दाते, दुसऱ्याच्या टोकाला तीन. मोबाइलवर झाड ओळखणारी ॲप्स चुकतात ती बहुतेक याचमुळे, की आपण फोटो नेहमी फुलाच्या समोरून काढतो. ॲप वापरायचंच असेल तर फुलाची मागची बाजू, कळी, पान आणि शेंग असे वेगवेगळे फोटो द्या.

५. पान मोजा, पण नुसत्या पानावरून निकाल देऊ नका

रोप घेताना तुमच्यासमोर फक्त पान असतं, म्हणून हे शिकावं लागतं. पूर्ण वाढलेलं पान सपाट ठेवा. देठापासून पाळीच्या टोकापर्यंतची लांबी मोजा, मग दोन पाळ्यांमधली खाच किती खोल गेली आहे ते मोजा. कांचनात खाच साधारण पाव ते एक तृतीयांश जाते, पाळ्या गोलसर असतात आणि पान बऱ्याचदा लांबीइतकंच किंवा त्याहून रुंद भरतं. देवकांचनात खाच एक तृतीयांशापासून थेट निम्म्यापर्यंत, आणि पान जरा लांबट.

एक तृतीयांशावर दोघं भेटतात, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. म्हणून दहा पानं मोजा, आणि शेंड्याची कोवळी पानं सोडून द्या. संध्याकाळीही मोजायला जाऊ नका. ऊन उतरलं की या झाडांची पानं मधल्या शिरेवर मिटतात, पुस्तक मिटावं तशी.

आता आपट्याबद्दल, कारण त्याच्याशी होणारा घोटाळा दर दसऱ्याला झाडांच्या जिवावर उठतो. आपटा म्हणजे बाउहिनिया रेसिमोसा. त्याचं पान लहान, जाडसर, चामड्यासारखं, लांबीपेक्षा रुंद आणि दोन-तीन बोटांत मावणारं. फुलं बारीक, पिवळट पांढरी, तुऱ्यात येणारी. बाजारात ‘सोनं’ म्हणून तळहाताएवढी मऊ पानं मिळतात ती बहुतेक वेळा कांचनाची किंवा देवकांचनाची असतात. आणि देवकांचनाच्या कळ्या नेमक्या त्याच आठवड्यात फांद्यांच्या शेंड्यांवर धरलेल्या असतात. पानांसाठी शेंडे ओरबाडले की त्या वर्षाचा बहर गेला. आमच्या झाडाचं दोन वर्षं हेच झालं. तिसऱ्या वर्षी मी आदल्या दिवशी खोडाला पाटी बांधली: ‘हा आपटा नाही. कळ्या आहेत, तोडू नका.’ मुलांनी वाचली आणि एकही फांदी तुटली नाही. तुमच्याकडे देवकांचन असेल तर भाद्रपद संपताच अशी पाटी करून ठेवा.

६. पाच पुंकेसर, पण डिसेंबर: हे तिसरं झाड

पुंकेसर पाच आहेत, फूल मोठं आणि गडद किरमिजी-जांभळं आहे, पानं शाबूत आहेत आणि महिना मात्र डिसेंबर. असं झालं तर तुमचं मोजणं चुकलेलं नाही. तो या दोघांचा संकर आहे, बाउहिनिया ब्लेकियाना. आपल्याकडच्या बागांमध्ये आणि नर्सऱ्यांमध्येही तो मिळतो.

हे झाड 1880 च्या सुमारास हाँगकाँग बेटावर एका फ्रेंच मिशनऱ्याला सापडलं. पुढे हाँगकाँगचे गव्हर्नर हेन्री ब्लेक यांचं नाव त्याला 1908 साली दिलं गेलं. 1965 मध्ये ते त्या शहराचं फूल ठरलं आणि 1997 पासून हाँगकाँगच्या लाल झेंड्यावर जे पांढरं पाच पाकळ्यांचं फूल दिसतं ते हेच. त्याचे आईबाप म्हणजे आपले कांचन आणि देवकांचन, हे 2005 साली डीएनए तपासून पक्कं झालं.

ओळखायची सोपी खूण: या झाडाला शेंग धरत नाही. ते वांझ आहे. म्हणून बियांपासून रोप होत नाही, कलम किंवा गुटीच करावी लागते. कोणी ‘हाँगकाँग कांचनाचं बी’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

७. रोप घेताना

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे फुललेलं रोप घेणं. कांचन हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सरीत जा, देवकांचन हवा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मोठ्या पिशवीत किंवा कुंडीत वाढवलेल्या दोन-तीन वर्षांच्या रोपांना बऱ्याचदा एखाद-दुसरं फूल येतं. तिथेच पुंकेसर मोजा आणि मग पैसे द्या.

जूनमध्ये लावायचं म्हणून आपण जूनमध्येच रोप घ्यायला जातो. नेमकी हीच चूक माझ्याकडून झाली. जूनमध्ये दोन्ही रोपं फक्त हिरवी असतात. मार्चमध्ये घ्या, घरी सावलीत सांभाळा, पाऊस पडला की लावा.

फुललेलं मिळालं नाही तर नर्सरीवाल्याला नाव विचारू नका. ‘याचं मूळ झाड कुठे आहे आणि ते कुठल्या महिन्यात फुलतं?’ एवढं विचारा. उत्तर देता आलं नाही तर दुसरीकडे जा. पिशवीतलं रोप वर्ष-दोन वर्षं त्याच पिशवीत अडकलेलं असेल तर मुळांचा गोळा झालेला असतो, तेही टाळा.

८. लावणं आणि छाटणं

दोघांनाही भरपूर ऊन लागतं. भिंतीपासून किमान बारा-पंधरा फूट सोडा. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात निघालेली माती आणि शेणखत. पाणी साचणारी जागा नको. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्या, नंतर हात आवरता घ्या. कांचनाला तर थंडीत कोरडा ताण मिळाला की बहर चांगला येतो. दिवाळीनंतर आळ्यात रोज पाणी सोडत बसाल तर पानं राहतील आणि फुलं विरळ येतील.

छाटणीचा महिना दोघांचा वेगळा. कांचन छाटायचा तो बहर ओसरल्याबरोबर, पावसाच्या आधी. देवकांचन छाटायचा फेब्रुवारीच्या आसपास, शेंगा वाळल्या की. महापालिकेची माणसं पावसाळ्यापूर्वी सरसकट फांद्या उतरवतात त्यात देवकांचन फार मोठा छाटला गेला तर त्या वर्षी फुलं कमीच येतात. आणि लक्षात असू द्या, महाराष्ट्रात शहरी भागात झाड तोडायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आधी परवानगी लागते. मोठ्या फांद्या उतरवायच्या असल्या तरी आधी उद्यान विभागात अर्ज द्या. अर्जाला झाडाचा फोटो, पत्ता, कारण आणि सोसायटीचं पत्र जोडलं की हेलपाटा वाचतो.

कांचनाच्या सालीपासून कांचनार गुग्गुळ करतात हे ऐकून लोक दारातल्या झाडाची साल खरवडतात. कृपा करून तसं करू नका. औषध वैद्यांकडून घ्या. कळ्यांची भाजी मात्र जरूर करा. उत्तरेत ‘कचनार’ म्हणून ती मोठ्या आवडीनं खातात. मिटलेल्या कळ्या उकळून ते पाणी टाकून द्यायचं, म्हणजे कडसरपणा जातो. धुराळ्याच्या रस्त्यावरच्या झाडाच्या कळ्या घेऊ नका, एवढंच.

९. बी गोळा करायचं असेल तर

देवकांचनाच्या शेंगा जानेवारी ते मार्चमध्ये वाळतात, कांचनाच्या मे-जूनमध्ये. वाळलेली शेंग उन्हात कडाडून फुटते, तिची दोन्ही टरफलं पिळवटतात आणि बिया लांब उडतात. म्हणून शेंगा तपकिरी व्हायला लागल्या की काढा आणि कागदी पिशवीचं तोंड दुमडून त्यात वाळू द्या. आमच्या घरी पहिल्यांदा मी त्या ताटात पसरून ठेवल्या होत्या. दुपारी आई दचकून उठली, बिया पार कपाटाखाली गेल्या होत्या.

चपट्या, तपकिरी बिया रात्रभर पाण्यात भिजवा आणि लगेच पेरा. ताज्या बिया लवकर उगवतात. सोटमूळ खोल जातं, म्हणून उथळ ट्रे नको, उंच पिशवी घ्या. रोप खऱ्या जातीचं येईल, पण पांढऱ्याचं पांढरंच येईल अशी खात्री धरू नका.

वाईच्या झाडाखालून आणलेल्या बियांपैकी सात उगवल्या. एक रोप देवकांचनापासून वीस फुटांवर लावलं आहे, बाकीची वाटली. प्रत्येक पिशवीवर आईनं स्वतः खडूनं लिहिलं होतं: ‘शिमगा, पाच’.